सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर : मजूरमंत्री बाबासाहेबांनी बसवलेली घडी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. इथून टॉवेल आणि चादरी देशभर जातात. पण सूत धुवायचं, रंगवायचं म्हटलं की कॉस्टिक सोडा आला, हायड्रोजन पेरॉक्साइड आलं, रंग आले. आणि जिथे सूत, तिथे आगीची भीती. मे २०२५ मध्ये पहाटे इथल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जणांचा जीव गेला. त्यात मालक होते, तसंच कामगारही.

मग प्रश्न पडतो, कारखान्यातल्या धोक्याचे नियम ठरवायचे कुणी? सरकारने, मालकाने की कामगाराने? तिघांनी एकत्र बसून, हे उत्तर भारतात ज्यांनी सरकारी पातळीवर बसवलं, ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्मलेले बाबासाहेब वाढले ते मुंबईच्या गिरणगावात. आधी लोअर परळची डबक चाळ, पुढे पोयबावाडीची बीआयटी चाळ. कोलंबिया आणि लंडनहून पदव्या घेऊन आल्यावरही ते याच चाळीत राहत होते. भोवताली सगळे गिरणी कामगार.

त्यामुळे एक गोष्ट त्यांना जवळून माहीत होती. गिरणीत कपडा खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटायचा. १९२० च्या दशकाअखेरीस गिरण्यांचे मोठे संप झाले, तेव्हा बाबासाहेबांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगार म्हणजे एकच गट नसतो. त्यातही खालच्या पायरीवर कुणीतरी असतो आणि त्याचं म्हणणं आपोआप वर पोहोचत नाही.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं, त्यात संपाच्या हक्कावर बंधनं होती. बाबासाहेबांनी विधिमंडळात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संपही घडवला. कायदा तरीही झाला.

चार वर्षांनी ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आले. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे आलं. लगेच ७ ऑगस्टला त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत मजूर परिषद भरली. अशा परिषदा १९४० पासून होत होत्या, पण त्यात फक्त सरकारं बसायची. या वेळी पहिल्यांदाच मालक आणि कामगारांचे प्रतिनिधीही होते. एक मोठी परिषद आणि एक स्थायी समिती, दोन्ही कायमस्वरूपी असतील, असं तिथेच ठरलं. नमुना होता आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा. आजची भारतीय श्रम परिषद म्हणजे तीच.

दुसऱ्याच दिवशी मुंबईत छोडो भारतचा ठराव झाला आणि इंग्रजांच्या सरकारात बसल्याबद्दल त्यांच्यावर टीका होत राहिली. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये बायकांना खाणीत उतरवण्यावरची बंदी उठवली गेली, तीही त्यांच्याच खात्याच्या काळात. ती बंदी पुन्हा लागू झाली १९४६ मध्ये. मात्र निर्णय नुसते फायलींवर घेणारे ते मंत्री नव्हते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत ते स्वतः उतरले होते.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक गोष्ट. बाबासाहेबांनी कामाचे तास १४ वरून ८ केले, असं सांगतात. खरं असं आहे की १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होतीच. बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकाने १९४६ मध्ये ती ४८ वर आणली. आकडा लहान वाटेल, पण आठवड्याला ६ तास वाचले.

१९४६ मध्येच त्यांनी ते खातं सोडलं. पुढे राज्यघटनेत कारखाने आणि कामगार कल्याण हे विषय समवर्ती सूचीत गेले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातात. म्हणून कायदा दिल्लीचा असला, तरी नियम महाराष्ट्राचे असतात. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले.

तिघांच्या टेबलाची गरज पुन्हा कळली ती भोपाळनंतर. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. घातक रसायनं वापरणाऱ्या कारखान्याने कामगारांना धोक्याची माहिती द्यायची आणि सुरक्षा समितीत मालक व कामगारांचे प्रतिनिधी सारखे ठेवायचे, असं ठरलं.

आता त्या कायद्याची जागा २०२० च्या श्रम संहितेने घेतली आहे. त्यात सुरक्षा समिती आहे, पण ती कुठल्या कारखान्यात हवी याचा आदेश सरकारने काढायचा आहे. इथेच राज्याची कसोटी आहे. अक्कलकोट रोडसारख्या ठिकाणी बहुतेक कारखाने छोटे. तिथे रंगाच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला टेबलावर खुर्ची मिळाली नाही, तर ७ ऑगस्ट १९४२ ला सुरू झालेलं काम अर्धवटच राहील.