दर्यावरच्या हाकेला ओ मिळवून देणारे मार्कोनी

दुर्भाटच्या धक्क्यावरून झुआरीत हौसेने होडी घालणारा असो वा मांडवीच्या मुखातून खोल समुद्रात उतरणारा मच्छीमार असो, किनारा दृष्टीआड झाला की त्याला जगाशी जोडून ठेवतो तो बिनतारी संच. तो निवडताना किंमत आणि आकार पाहिला जातो. परंतु आपली हाक ऐकणार कोण, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. गुग्लिएल्मो मार्कोनी यांच्या आयुष्याला याच प्रश्नाने वळण दिले.

२५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे त्यांचा जन्म झाला. वडील इटालियन जमीनदार, तर आई आयरिश. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. विद्युतलहरींवर जगभर प्रयोग चालू होते. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस त्याच काळात या लहरींचा अभ्यास करीत होते. मार्कोनींना मात्र प्रयोगशाळेबाहेर लांबवर संदेश पोहोचवायचा होता. १८९५ साली घरामागच्या टेकडीपलीकडे त्यांचा संकेत पोहोचला आणि तिकडून बंदुकीच्या बाराने त्याची पोच मिळाली.

पुढल्या वर्षी ते इंग्लंडला गेले. तेथील टपाल खात्याने त्यांना साहाय्य केले आणि १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश पार झाला. जुलै १८९८ मध्ये डब्लिनजवळ हौशी नौकांच्या शर्यती होत्या. मार्कोनींनी एका टगवर यंत्र चढविले आणि शर्यतीची खबर समुद्रातूनच किनाऱ्यावर, तेथून वृत्तपत्राच्या कचेरीत धाडली. धुक्यात किंवा क्षितिजापलीकडे गेलेल्या शिडांचे वृत्त लोकांना घरबसल्या कळू लागले. त्याच वर्षाअखेर ईस्ट गुडविनच्या दीपनौकेवर त्यांचा संच बसला. एप्रिल १८९९ मध्ये एक आगबोट त्या नौकेवर आदळली, तेव्हा बिनतारी संदेशानेच मदत मागविण्यात आली. १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपार संकेत ऐकल्याचे मार्कोनींनी जाहीर केले आणि त्यांचे नाव जगभर झाले.

यशाबरोबर मक्तेदारीची ओढही आली. मार्कोनी कंपनी जहाजांना संच विकत नसे. संच आणि तो चालविणारा माणूस असे दोन्ही भाड्याने देई. संकटाचा प्रसंग सोडला तर परक्या कंपनीच्या संचांशी बोलायचे नाही, असा दंडक होता. १९०२ साली जर्मन राजपुत्र ज्या जहाजातून परतत होते, त्याच्यावरील जर्मन बनावटीच्या संचाला मार्कोनी केंद्रांनी दाद दिली नाही. हा वाद चिघळला. अखेर १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरले, की किनाऱ्यावरील केंद्राने संच कोणाचा हे न पाहता प्रत्येक जहाजाशी संदेशांची देवाणघेवाण करावी. एसओएस ही संकटखूणही तिथेच सर्वमान्य झाली.

१९०९ मध्ये मार्कोनी यांना कार्ल ब्राउन यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा त्यांच्या कंपनीच्या दोन तरुणांनी पाठविलेल्या संदेशांमुळे कार्पेथिया जहाज धावून आले आणि सातशेहून अधिक जीव वाचले. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरील एकमेव यंत्रचालक मात्र झोपी गेला होता. संच असून उपयोग नाही, कोणीतरी कान देऊन बसलेला हवा, हे त्या रात्रीने दाखवून दिले. प्रवासी जहाजांवर अहोरात्र कान ठेवण्याचे नियम त्यानंतर आले.

१९१९ मध्ये मार्कोनींनी एलेत्रा ही नौका घेतली. ती त्यांचे घर आणि प्रयोगशाळाही झाली. तिच्यावरूनच त्यांनी लघुलहरींची ताकद पारखली. १९२७ मध्ये या लहरींवरील इंग्लंड-भारत सेवा पुणे परिसरातील खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून सुरू झाली. मुसोलिनीच्या राजवटीला त्यांनी दिलेली साथ हा त्यांच्या चरित्रातील डाग होय. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ अनेक देशांतील प्रक्षेपक दोन मिनिटे मूक राहिले.

आज लहान नौकेसाठी संच निवडणाऱ्याने या चरित्रातून एवढे घ्यावे, की स्वस्तातला खेळण्यासारखा वॉकीटॉकी सोबत्याशी बोलेल, मोबाइल एकाच माणसाला गाठेल. पण सागरी व्हीएचएफ संचाची सोळा क्रमांकाची वाहिनी परिसरातील प्रत्येक जहाजाला हाक देते. हाती धरायच्या संचाची शक्ती साधारण पाच-सहा वॅट, तर नौकेत बसविलेल्याची पंचवीसपर्यंत असते. या लहरी जवळपास दृष्टिरेषेतच जात असल्याने शक्तीइतकेच ॲन्टेनाच्या उंचीलाही महत्त्व आहे. परवाना काढावा, बॅटरी भरलेली असावी आणि सोळावी वाहिनी उघडी ठेवावी. आपली हाक कोणीतरी ऐकावी असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्याच्या हाकेसाठीही कान उघडे ठेवायला हवेत.