शांतारामबापू : हुबळीच्या कारखान्यापासून परळच्या स्टुडिओपर्यंत

शांतारामबापूंच्या नावातला 'व्ही' म्हणजे वणकुद्रे. शांताराम राजाराम वणकुद्रे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्या मंदिरातल्या मराठी वर्गाच्या मुलांचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो. दुसरा प्रश्न असतो, ते हिरो होते की डायरेक्टर? याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. ते हिरो होते, डायरेक्टर होते, स्टुडिओचे मालक होते, आणि त्याही आधी ते नाटक कंपनीतले एक पोर होते.

जन्म कोल्हापूरचा, १८ नोव्हेंबर १९०१ चा. वडील जैन, आई हिंदू, घरची परिस्थिती बेताची. कोल्हापूर तेव्हा शाहू महाराजांचे. कुस्ती, गाणे, नाटक, चित्रकला या सगळ्यांना तिथे राजाश्रय होता. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि त्यानंतर लवकरच टेंब्यांच्या ओळखीने हा मुलगा त्या कंपनीत दाखल झाला. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. नायिका बालगंधर्व, आणि तिच्या मागेपुढे वावरणाऱ्या छोट्यामोठ्या भूमिकांसाठी कंपनीला नेहमीच पोरे लागत. शांताराम त्यांपैकी एक. भरजरी शालू, अत्तराचा घमघमाट आणि पंगतीला बसणारी शंभर माणसे, असे ते वैभव त्याने विंगेत उभे राहून पाहिले. पण नाटक कंपनीत गळ्याला किंमत होती. ज्याला गाऊन मैफल मारता येत नाही त्याला तिथे फार भविष्य नव्हते. थोड्याच काळात तो घरी परतला.

पुढचा मुक्काम हुबळी. दिवसा रेल्वेच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी पत्र्याच्या शेडमधल्या सिनेमा थिएटरात पडेल ते काम. शालू नेसून रंगमंचावर उभा राहिलेला मुलगा आता ग्रीसने माखलेल्या हातांनी घरी येत होता. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात ही हुबळीची वर्षे फार महत्त्वाची वाटतात. मूकपट तिथेच रोज फुकट पाहायला मिळाले आणि यंत्राची भीती तिथेच गेली. पुढे कॅमेरा, प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रण यांतले काहीही त्यांना कोणा तंत्रज्ञाच्या भरवशावर सोडावे लागले नाही.

१९२० साली मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांनी त्यांना कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आणले. पेंटर म्हणजे विलक्षण माणूस. त्यांनी कोल्हापुरात बसून स्वतःचा कॅमेरा तयार केला होता. त्यांच्याकडे शिकवणी अशी नव्हतीच. झाडलोट करा, पडदे रंगवा, फिल्म धुवा, सामान उचला, आणि कोणी नट आला नाही तर तोंडाला रंग लावून उभे राहा. आम्ही इंटर्नशिप केली त्याची आठवण होते. १९२१ च्या 'सुरेखाहरण'मध्ये ते कृष्ण झाले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये सावकाराने जमीन गिळल्यावर शहरात गिरणीत राबायला जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याचे काम त्यांनी केले.

इथे थोडे थांबतो. मी १९८८ साली परळला जी. एस. मेडिकल कॉलेजात दाखल झालो. केईएमच्या वॉर्डात आम्हाला भेटणारे वृद्ध रुग्ण निम्मेअधिक गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर त्यांची घरे कोलमडली होती. हिस्टरी घेताना गाव कोणते, मुंबईला कधी आलात, असे विचारले की कोकणातले नाहीतर सातारा-सांगलीकडचे गाव आणि मागे सावकाराकडे गहाण पडलेली जमीन, ही कथा इतक्या वेळा ऐकली, की केस पेपरवर लिहायचेही मी सोडून दिले होते. 'सावकारी पाश'ची गोष्ट मला पुढे कळली तेव्हा वाटले, की अरे, हा तर आपला पेशंट. पौराणिक चमत्कारांची चलती असताना हा विषय घेण्याचे धाडस बाबूराव पेंटरांचे. पण त्या शेतकऱ्याचे काम करणाऱ्या तरुणाने ती शिदोरी आयुष्यभर पुरवली.

१ जून १९२९ रोजी शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी या सराफांच्या भांडवलावर कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. 'स्वराज्याचे तोरण' हे नाव ब्रिटिश सेन्सॉरला खुपले म्हणून तो चित्रपट 'उदयकाल' या नावाने १९३० साली आला. शिवाजी महाराज झाले होते स्वतः शांताराम. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्यात तारामती दुर्गाबाई खोटे आणि हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे! ज्यांच्या ओळखीने पोरगे नाटकात शिरले होते, तेच आता त्या पोराच्या सूचनेप्रमाणे कॅमेऱ्यासमोर उभे राहत होते.

पण यावर कळस झाला १९३५ साली. नाटकाचे दिवस ओसरले होते, बालगंधर्व कर्जात बुडाले होते. प्रभातशी त्यांनी करार केला आणि शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ते संत एकनाथ झाले. ज्यांच्या पदराची फॅशन महाराष्ट्रातल्या सुना उचलत, ते बालगंधर्व पडद्यावर पुरुषाच्या वेशात. चित्रपटाचे नाव 'महात्मा' होते, तेही सेन्सॉरने बदलायला लावले आणि तो 'धर्मात्मा' झाला. अस्पृश्यांच्या घरी जेवायला जाणारे एकनाथ १९३५ साली दाखवणे म्हणजे गांधीजींचेच नाव घेणे, हे सरकारला कळत होते. चित्रपट म्हणून तो चांगला जमला, पण बालगंधर्वांचे मन रंगमंचावरच राहिले होते आणि तो करार एका चित्रपटावरच संपला. विंगेतून ज्यांच्याकडे मान वर करून पाहिले, त्यांनाच इथे उभे राहा, तिकडे पाहा, असे सांगताना शांतारामबापूंना काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

१९३३ साली प्रभात पुण्याला आली होती. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुण्यातल्या पहिल्याच 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) टेलिफोटो लेन्सने घेतलेला राजगुरूचा नुसता एक डोळा पडदाभर दिसतो. चंद्रमोहनचा तो डोळा आजही अंगावर काटा आणतो. 'संत तुकाराम' बापूंचा, असे बरेच जण समजतात, तो दामले-फत्तेलालांचा. बापूंचे या काळातले खरे काम म्हणजे 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१).

'कुंकू' ही नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची कथा. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी ती अशी केली आहे की सहानुभूती मागत नाही, न्याय मागते. या चित्रपटात वेगळे पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, घड्याळाचे आवाज एवढेच. म्हाताऱ्याच्या मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले. रँग्लर परांजप्यांच्या या कन्येने प्रत्यक्ष आयुष्यात कुटुंबनियोजनाचा प्रचार केला, तोही लोक त्या विषयावर कुजबुजायलाही लाजत त्या काळात. आम्हा डॉक्टरांना त्यांचे ऋण मान्य करायला हवे. 'माणूस'मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्या यांची प्रेमकथा. 'शेजारी'मध्ये एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा, जन्माचे मित्र, ज्यांना धरणाच्या कंत्राटापायी वेगळे केले जाते. त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी केला आणि हिंदू ठाकूर मझहर खान यांनी. १९४१ साल होते. सहा वर्षांनी काय झाले ते आपल्याला माहीत आहे.

आता एक अवघड गोष्ट. १९२१ साली विमलाबाईंशी त्यांचे लग्न झाले होते. 'कुंकू' काढून चार वर्षे झाली आणि १९४१ साली त्यांनी अभिनेत्री जयश्री यांच्याशी दुसरा विवाह केला, पहिली पत्नी घरात असताना. १९५६ साली जयश्रीबाई वेगळ्या झाल्या आणि त्याच वर्षी संध्याबाईंशी लग्न झाले. तेव्हाच्या सिनेमाजगात हे काही एकट्याचे उदाहरण नव्हते, आणि स्मरणिकेत या गोष्टी लिहू नयेत असेही काही जण म्हणतील. पण नीरेच्या बाजूने इतक्या ठामपणे उभा राहिलेला माणूस स्वतःच्या घरातल्या बाईच्या बाजूने तसा उभा राहिला नाही, हे मला सलते. चित्रपट त्यामुळे लहान होत नाही. माणूस मात्र आहे तसाच सांगावा.

१९४२ साली त्यांनी प्रभात सोडली. परळला वाडिया मूव्हीटोनच्या जागेत वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून 'राजकमल कलामंदिर' उभे केले. पहिला चित्रपट 'शकुंतला' (१९४३). तो मुंबईत दोन वर्षे चालला आणि १९४७ साली न्यूयॉर्कमध्येही लागला. आपल्यापैकी कोणी इकडे येण्याच्या किती आधी!

आणि मग १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. आमच्याच कॉलेजात शिकलेले. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, युद्धात जखमी सैनिकांवर दिवसरात्र शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून बापूंनी चित्रपट केला. कोटणीस ते स्वतः झाले, पत्नी जयश्री. त्यातले वैद्यकशास्त्र नाटकासाठी बरेच वाकवलेले आहे. खरे कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. पण कॉलेजच्या दिवसांत मी हा चित्रपट पाहिला, तेव्हा त्या चुका काढायचे सुचले नाही. ज्या परळमध्ये तो मुलगा डॉक्टर झाला, तिथूनच चालत जाता येईल अशा स्टुडिओत त्याची गोष्ट पडद्यावर आली, एवढेच डोक्यात घोळत राहिले. पुढे व्हिसाचे कागद हातात आले त्या आठवड्यातही कोटणीस आठवले. ते ज्या कारणासाठी देश सोडून गेले, ते माझे कारण नव्हते. हे मी स्वतःशी स्पष्ट ठेवले आहे, आणि इथल्या फ्री क्लिनिकची रविवारची पाळी मी चुकवत नाही, त्याला तोच चित्रपट थोडाफार जबाबदार आहे.

१९५५ साली 'झनक झनक पायल बाजे' रंगीत निघाला आणि तुफान चालला. कोणीही त्यानंतर आणखी रंगीत, आणखी नाचगाण्यांचा चित्रपट केला असता. बापूंनी काढला 'दो आँखें बारह हाथ' (१९५७), कृष्णधवल, सहा खुनी कैद्यांना माळरानावर शेती करायला नेणाऱ्या जेलरचा. कल्पना हवेतली नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे असा भिंतीवाचूनचा तुरुंग खरोखर चालवला गेला होता. कथा लिहिली गदिमांनी, ते त्याच मुलखातले.

चित्रीकरणात बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. वय पंचावन्नच्या आसपास. दोन्ही डोळे बांधून ठेवले होते. त्या काळी उपचार तोच असे. एक डोळा उघडा ठेवला तर तो हलला की बांधलेलाही त्याच्याबरोबर हलतो, म्हणून रुग्णाने दोन्ही बांधून निश्चल पडून राहायचे. दृष्टी येईल की नाही हे पट्टी सुटेपर्यंत डॉक्टरलाही सांगता येत नसे. अशा अवस्थेत रुग्ण खचतात, हे मी पाहिले आहे. या गृहस्थांना त्या काळोखात रंग दिसू लागले आणि त्यातून १९५९ चा 'नवरंग' निघाला. त्याच्या सुरुवातीला ते स्वतः येऊन ही हकिगत सांगतात. 'दो आँखें'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ साली बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले.

खरे सांगायचे तर 'नवरंग'नंतरचे त्यांचे बरेच चित्रपट मला बघवत नाहीत. रंग भडक, अभिनय भडक. शेतकरी, कैदी, शेजारी यांच्याकडे बघणारी नजर स्वतःच्याच नेपथ्यात अडकली. अपवाद 'पिंजरा'चा (१९७२). तमाशातल्या बाईपायी धुळीला मिळणारे मास्तर डॉ. श्रीराम लागू यांनी केले. हे कान-नाक-घशाचे सर्जन, आफ्रिकेत प्रॅक्टिस करून आलेले आणि ती सोडून नाटकात शिरलेले. बापूंना नेमके माणूस ओळखता येत असे, सत्तरीतसुद्धा.

१९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी ते मुंबईत गेले. मी तेव्हा मेडिसिनच्या वॉर्डात पोस्टिंगला होतो. एका निवृत्त गिरणी कामगाराने दुसऱ्या दिवशी राऊंडच्या आधी माझ्याकडून पेपर मागून घेतला, बातमी सबंध वाचली, आणि 'शेजारी'त शेवटी धरण फुटते ते कसे फोडले असेल, यावर शेजारच्या खाटेवरल्या अन्सारीचाचांशी त्याचा वाद सुरू झाला. सिस्टरने दोघांना गप्प केले तेव्हा कुठे मला त्याचे ब्लडप्रेशर घेता आले.