पाचगणीच्या पठारापासून वेंब्लीपर्यंत : फ्रेडी मर्क्युरी

हार्ड रॉक संगीताच्या इतिहासात ज्याच्या आवाजाचे नाव पहिल्या काही नावांत घेतले जाते, तो फ्रेडी मर्क्युरी जन्माने फारोख बलसारा होता आणि त्याच्या शालेय जीवनाची महत्त्वाची वर्षे सातारा जिल्ह्यातील पाचगणीत गेली, हे आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. मात्र या माहितीचा अर्थ दोन टोकांना लावला जातो. काहीजण त्याला पूर्णपणे इंग्रज ठरवून मोकळे होतात, तर काहीजण तो आपलाच होता म्हणून छाती फुगवतात. त्याचे आयुष्य क्रमाने पाहिले तर हे दोन्ही दावे तोकडे पडतात.

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावरील स्टोन टाऊनमध्ये त्याचा जन्म झाला. घराणे पारशी. बलसारा हे आडनाव गुजरातच्या किनाऱ्यावरील बलसार, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून आलेले. वडील बोमी हे ब्रिटिश वसाहत सरकारच्या न्यायालयीन खात्यात रोखपाल होते. आईचे नाव जेर, धाकटी बहीण काश्मिरा. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर पाय असलेली अशी कुटुंबे त्या काळी पुष्कळ होती. गोव्यातून पूर्व आफ्रिकेत गेलेल्या कुटुंबांची कथाही याहून फार निराळी नाही. नोकरी तिकडे, नातेवाईक इकडे आणि मुलांचे शिक्षण जिथे चांगली शाळा मिळेल तिथे, असा तो संसार असे.

त्याच रीतीने आठ वर्षांच्या फारोखला जहाजाने मुंबईला आणि तेथून पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. आईवडिलांपासून हजारो मैल दूर, थंड हवेच्या त्या पठारावर त्याने बालपण काढले. सुटीत कधी मुंबईतील नातेवाइकांकडे राहणे होई. शाळेत त्याला फ्रेडी हे नाव मिळाले. तो टेबल टेनिस उत्तम खेळे, चित्रे काढी, नाटकांत कामे करी. त्याचा संगीताचा कान शाळेच्या लक्षात आला, आईवडिलांच्या संमतीने पियानोची वेगळी शिकवणी लागली आणि त्याने चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. बारा वर्षांच्या आसपास असताना चार मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचे पथक काढले. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत. गंमत अशी की पुढे लक्षावधींना डोलवणारा हा गायक त्या पथकात मुख्य गायक नव्हता. तो पियानोवर बसे आणि पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच असे.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत तेथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली आणि मोठा रक्तपात झाला. बलसारा कुटुंब हाती येईल तेवढे घेऊन इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात स्थिरावले. सतरा वर्षांच्या फारोखने विमानतळावर सामान उचलण्यासारखी कामे केली, मग ईलिंग कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. जिमी हेंड्रिक्स हे त्याचे दैवत होते. त्याचे कार्यक्रम तो पिच्छा पुरवून पाहत असे आणि त्याची चित्रे रेखाटीत असे. पुढे ड्रमवादक मित्र रॉजर टेलर याच्यासह केन्सिंग्टनच्या बाजारात त्याने जुन्या कपड्यांचा गाळाही चालवला.

तो काळ इंग्लंडमध्ये गिटारचा आवाज जड होत जाण्याचा होता. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्रा कापताना टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोके तुटली होती. कृत्रिम टोपणे लावून, तारा सैल करून तो वाजवू लागला आणि त्यातून घुमणारा एक नवा, काळोखा नाद तयार झाला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या पथकाची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७० मध्ये आली. लेड झेपलिन आणि डीप पर्पल हीही त्याच सुमाराची नावे. हेवी मेटल म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या प्रवाहाचा हा उगम. याच १९७० साली फ्रेडी ‘स्माइल’ पथकातील ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांना येऊन मिळाला. पथकाचे नाव ‘क्वीन’ ठेवण्याचा आग्रह त्याचा होता, आणि त्याच सुमारास त्याने स्वतःचे आडनावही बदलून मर्क्युरी केले. पुढच्या वर्षी बेस गिटारवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. चौघांच्या राशींवरून पथकाचे बोधचिन्ह फ्रेडीनेच रेखाटले. त्यात सिंह राशीचे दोन सिंह, कर्केचा खेकडा, कन्येच्या दोन पऱ्या आणि सर्वांवर पंख पसरलेला फीनिक्स पक्षी आहे.

आज ‘क्वीन’ म्हटले की क्रीडांगणावर टाळ्या-पावलांच्या ठेक्यात गायची गाणी आठवतात. आम्हा जुन्या चाहत्यांच्या मनात मात्र पहिल्या तीन ध्वनिमुद्रिकांचे पथक आहे. १९७३ची पहिली मुद्रिका भरभक्कम गिटारची आहे. १९७४च्या मार्चमधील दुसरीच्या दोन बाजूंना पांढरी आणि काळी अशी नावे होती, आणि काळ्या बाजूवरील सगळी गाणी एकट्या फ्रेडीची. त्याच वर्षाच्या अखेरच्या तिसऱ्या मुद्रिकेत ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ हे जेमतेम सव्वादोन मिनिटांचे गाणे आहे. त्याची गती आणि गिटारचे तुटक, धारदार घाव ऐकले की थ्रॅश मेटल नावाचा प्रकार पुढच्या दशकात कोठून आला असेल, याचा अंदाज येतो. मेटॅलिकाने हेच गाणे आपल्या पद्धतीने वाजवले आणि त्या मुद्रणासाठी १९९१ मध्ये त्यांना मेटल विभागातील ग्रॅमी मिळाले. मेटलच्या वंशावळीत पाचगणीच्या या विद्यार्थ्याची जागा कोणती, याचे याहून स्पष्ट उत्तर शोधण्याची गरज नाही.

मग आले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. ऑक्टोबर १९७५, लांबी पाच मिनिटे पंचावन्न सेकंद. एवढे लांब गाणे रेडिओवर लागणार नाही, असे जाणत्यांचे मत होते. ते ब्रिटनच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पियानोवरचे एकाकी कथन, फ्रेडी, मे आणि टेलर यांनी आपलेच आवाज थरावर थर चढवून उभा केलेला ऑपेरातील वृंद, त्यानंतर अंगावर येणारा हार्ड रॉकचा लोंढा आणि शेवटी पुन्हा शांतता, अशी त्याची बांधणी आहे. त्यातील वृंदात इटालियन ऑपेराच्या शब्दांशेजारी बिस्मिल्लाही येतो.

या मिश्रणाचे पाश्चात्त्य समीक्षकांना नवल वाटले. बिदर जिल्ह्यातील आमच्या निर्णा गावाकडच्या माणसाला ते तितकेसे वाटू नये. बिदर-कलबुर्गीच्या या सीमापट्ट्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि पलीकडच्या वेशीवर तेलुगू, असा दिवस सरतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत पदे रचली, त्यांच्या सकलमत संप्रदायात सर्व पंथांना स्थान मिळाले आणि दत्तजयंतीच्या दरबारात तेथे आजही गवई हजेरी लावतात. एकाच बैठकीत अनेक भाषांचा देव आळवला जाणे हे या मातीला जुने आहे. हैदराबादहून येणाऱ्या कॅसेटींवर हे गाणे प्रथम ऐकले तेव्हा शब्द फारसे कळले नव्हते, परंतु रचना मात्र ओळखीची वाटली. आधी संथ आळवणी, मग सवाल-जवाब, मग द्रुत आणि अखेरची भैरवी. त्याने हे आपल्याकडून घेतले, असे मी म्हणणार नाही, तसा पुरावाही नाही. ऐकणाऱ्याचा कान कोठे घडला, यावर त्याला काय ऐकू येते हे ठरते, एवढेच म्हणायचे आहे.

रंगमंचावर तो सम्राट होता. वरच्या जबड्यात जन्मतः चार दात जास्त असल्याने समोरचे दात पुढे आले होते. ते काढले तर आवाज बदलेल या भीतीने त्याने ते तसेच ठेवले. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात वेंब्लीच्या मैदानावर सुमारे ७२ हजार लोकांसमोर क्वीनला वीसएक मिनिटे मिळाली. तेवढ्यात त्याने एका सुरावर अख्खे मैदान आपल्यामागून गायला लावले. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झालेला कार्यक्रम त्याचा क्वीनसोबतचा अखेरचा ठरला.

चाहत्याने आंधळे असू नये. १९८२च्या डिस्को वळणाने आमच्यापैकी अनेकांचा विरस झाला, पण तो आवडीनिवडीचा प्रश्न होता. १९८४ साली मात्र क्वीनने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत कार्यक्रम केले. संयुक्त राष्ट्रांनी पुरस्कारलेला सांस्कृतिक बहिष्कार तेव्हा चालू होता. ब्रिटिश संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला. आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर जन्मलेल्या आणि तेथून परागंदा झालेल्या माणसाने तेथे जायला नको होते. ही खंत त्याच्या आवाजावर प्रेम करीत असतानाही उरते.

आपल्या मुळांविषयी तो जाहीरपणे फारसे बोलला नाही. पाचगणी, झांझिबार, पारशी संस्कार हे सारे त्याने मुलाखतींबाहेर ठेवले. याला कोणी लाज म्हणतात. ब्रिटनमध्ये त्या काळी दक्षिण आशियाई स्थलांतरितांना मिळणारी वागणूक ध्यानात घेतली तर ते मौन समजू शकते. शिवाय स्वतःला कोणत्या नावाने ओळखले जावे, हे ठरवण्याचा अधिकार माणसाला असतोच.

हेच मौन आजारपणातही त्याने पाळले. १९८७ साली त्याला एड्सचे निदान झाले. वृत्तपत्रे दारात ठाण मांडून बसली असताना तो ध्वनिमुद्रणे करीत राहिला. फेब्रुवारी १९९१ मधील ‘इन्युएंडो’ ही मुद्रिका अंगात त्राण उरले नसताना गायलेली आहे आणि तरी त्यातील स्वर कोठे खचलेला नाही. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदनाद्वारे आजार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी वयाच्या ४५व्या वर्षी लंडनच्या राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. जगभर मर्क्युरी झालेला मुलगा निरोपाच्या वेळी फारोख बलसारा होता.

या टप्प्यावर गोव्यातील वाचकाला आणखी एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. १९८९ साली रक्तदानातून एचआयव्हीची लागण उघड झाल्यावर डॉमनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाला तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे पकडून बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबण्यात आले. त्याने न्यायालयात लढा दिला, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि मे १९९२ मध्ये, फ्रेडीनंतर सहा महिन्यांनी, त्याचाही अंत झाला. एकाला गप्प राहण्याइतका आडोसा होता, दुसऱ्याचा तो हिरावून घेतला गेला. ज्या समाजात रोग्याला कैद्यासारखे वागवले जाते, तेथे रोग लपवणाऱ्याला भित्रा म्हणता येत नाही.

२० एप्रिल १९९२ रोजी वेंब्लीवरच त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. मेटॅलिका, डेफ लेपर्ड, गन्स अँड रोझेस अशी त्या काळची भारदस्त पथके आली. ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ गायला मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड उभा राहिला आणि गिटारवर ब्रायन मेच्या सोबतीला खुद्द टोनी आयोमी होता. मेटलच्या दोन पिढ्या त्या दिवशी एका मंचावर होत्या. त्या मैफलीच्या उत्पन्नातून एड्सविरोधी कार्यासाठी मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट सुरू झाला. बोधचिन्हावरचा तो पक्षी असा कामी आला.

फ्रेडीसह क्वीन भारतात कधी आले नाही. पुढे २००७ साली आयर्न मेडन आणि २०११ साली मेटॅलिका बंगळुरूला आले, तेव्हा छोट्या गावांतून रात्रीच्या गाड्या पकडून मुले तेथे पोहोचली. गर्दीत कोणाची मातृभाषा कोणती, हे कोणी विचारले नाही. फ्रेडी मर्क्युरी कोणाचा, याचे उत्तर त्या गर्दीपाशी आहे. झांझिबारने त्याला जन्म दिला, पाचगणीने पियानो दिला, लंडनने मंच दिला. आवाज मात्र त्याने स्वतः कमावला, आणि तो ऐकण्यासाठी कोणत्याही सीमेवर दाखला दाखवावा लागत नाही.