प्रश्न विचारणारा वैद्य

समाजातील एखाद्या वर्गाचे दुःख जाणून घ्यावयाचे असेल, तर प्रथम त्या वर्गातील माणसांना विचारावे लागते. एवढ्या साध्या कामासाठी डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड यांना आरोपी म्हणून न्यायालयात उभे राहावे लागले.

बाल्टिक समुद्रकाठच्या कोल्बर्ग या तेव्हा प्रशियात आणि आज पोलंडमध्ये असलेल्या गावी, १४ मे १८६८ रोजी एका ज्यू डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. तेही वैद्य झाले. त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने विवाहाच्या आदल्या रात्री आत्महत्या केली. पुरुषाविषयी वाटणारी ओढ त्याला आईवडिलांपाशी बोलून दाखविता आली नव्हती. या घटनेने हिर्शफेल्ड यांच्या आयुष्याला दिशा दिली. १८९६ मध्ये त्यांनी टोपणनावाने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये समिती स्थापून, पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे १७५ वे कलम रद्द करावे, अशी मागणी त्यांनी केली.

अशी माणसे अपवादात्मक व विकृत असतात, हा कायद्याच्या समर्थकांचा दावा होता. तो तपासण्यासाठी १९०३ मध्ये हिर्शफेल्ड यांनी शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रशिक्षण संस्थेच्या सुमारे ३ हजार विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठविली. ओढ स्त्रियांकडे, पुरुषांकडे की दोहोंकडे, एवढेच त्यांना विचारले होते. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे दीड टक्का विद्यार्थ्यांनी पुरुषांकडे, तर साडेचार टक्क्यांनी दोहोंकडे ओढ असल्याचे कळविले. काही विद्यार्थ्यांनी मात्र अब्रूनुकसानीची तक्रार केली आणि १९०४ मध्ये हिर्शफेल्ड यांना दंड झाला. तरीही प्रत्येक वर्गखोलीत असे तरुण बसलेले असतात, ही गोष्ट आकड्यांनी पुढे आणली होती.

१९१९ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. संशोधनाबरोबरच तेथे एकाकी, भेदरलेल्या माणसांना सल्ला व आधार मिळे. त्यांचे सर्वच विचार टिकणारे नव्हते. त्या काळच्या सुप्रजाशास्त्राचा मोह त्यांनाही सुटला नाही. परंतु या तरुणांच्या यातनांचे मूळ त्यांच्या प्रकृतीत नसून कायद्यात व लोकलज्जेत आहे, हे त्यांचे निदान अचूक होते. मे १९३३ मध्ये नाझींनी संस्था लुटली व तिची ग्रंथसंपदा जाळली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशी होते, ते परतलेच नाहीत. १४ मे १९३५ रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले.

जर्मनीतील ते कलम १९९४ मध्ये पूर्णपणे रद्द झाले. १९३१ मध्ये हिर्शफेल्ड ज्या भारतात येऊन गेले, तेथेही ३७७ व्या कलमाखाली प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा मानणे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी थांबविले. परंतु त्या तरुण अधिकाऱ्याला भीती केवळ न्यायाधीशाची नव्हती, ती घरच्यांचीही होती. कुटुंबाने स्वीकारलेल्या अशा तरुणांत नैराश्य व आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळतात, असे अमेरिकेतील अलीकडचे अभ्यास सांगतात. तेव्हा उरलेले काम न्यायालयाचे नाही. ते पालकांचे आणि शिक्षकांचे आहे. विचारावे, आणि येईल ते उत्तर शिक्षा न करता ऐकून घ्यावे, इतकेच ते आहे.