फुकुझावा युकिची : दर्जा आणि विद्या

जपानच्या क्यूशू बेटावर नाकात्सु नावाचे एक सरंजामी संस्थान होते. तेथील सामुराई घराण्यांत वरचा आणि खालचा असे दोन मुख्य थर होते व त्या दोहोंत सोयरीक होत नसे. खालच्या थरातील मनुष्य कितीही विद्वान असला, तरी वरच्या थरात त्याचा प्रवेश जवळजवळ अशक्य होता. मुले एकत्र खेळत. परंतु खेळतानाही खालच्या घरच्या मुलाने वरच्या घरच्या मुलाशी आदरार्थी बोलावे आणि उलट बाजूने अरेतुरे ऐकून घ्यावे, असा रिवाज होता. पायदळातील साध्या शिपायाला वाटेत वरिष्ठ सामुराई भेटला, तर भर पावसातही पायांतील खडावा काढून रस्त्याच्या कडेला दंडवत घालावा लागे. आपल्या वाचकांना ही व्यवस्था समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. फुकुझावा युकिची यांचे घराणे यांपैकी खालच्या थरातील होते.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८३५ रोजी ओसाका येथे झाला. वडील ह्याकुसुके हे संस्थानाच्या तेथील वखारीत नोकरीस होते. व्यापाऱ्यांची मनधरणी करून संस्थानासाठी कर्जे मिळवणे हे त्यांचे काम. मन मात्र ग्रंथांत रमलेले. पैशाचा हिशेब हे हलक्या माणसांचे काम, अशी सामुराईंची धारणा होती. मुलांचे गुरुजी पाढे शिकवू लागले आहेत हे कळताच ह्याकुसुके यांनी मुलांना तेथून काढून घेतले. युकिची दीड वर्षाचा असताना ते वारले.

या मुलाला भिक्षू करावे, असे वडिलांच्या मनात होते, ही गोष्ट त्याने पुढे आईच्या तोंडून अनेकदा ऐकली. तिचा अर्थ त्याला मोठेपणी उमगला. एखाद्या सामान्य मासेविक्याचा मुलगाही मोठ्या मठाचा प्रमुख होऊ शकेल, असे ठिकाण त्या काळच्या जपानात धर्मसंघाखेरीज दुसरे नव्हते. बापाने आपल्या लेकरासाठी शोधलेली ती एकमेव पळवाट होती. हे ध्यानात आल्यावर सरंजामशाहीविषयी त्यांच्या मनात जे वैर निर्माण झाले, ते अखेरपर्यंत शमले नाही.

बंडखोरी मात्र त्याआधीच सुरू झाली होती. संस्थानाधिपतीचे नाव लिहिलेल्या कागदावर चुकून पाय पडला म्हणून थोरल्या भावाने रागे भरले, तेव्हा पोराने मनाशी विचार केला, की नावावर पाय पडल्याने पाप लागत असेल, तर देवाच्या नावावर पडल्यास काय होईल? मग एक मंतरलेला कागद गुपचूप तुडवून पाहिला. काहीच झाले नाही! सामुराई बाजारहाट करताना लाजेने तोंड झाकून रात्री बाहेर पडत. युकिची भरदिवसा मद्याची बाटली हाती घेऊन दुकानातून घरी येई.

१८५४ साली डच भाषा शिकण्यासाठी ते नागासाकीला गेले आणि पुढच्या वर्षी ओसाका येथे ओगाता कोआन यांच्या विद्यालयात दाखल झाले. १८५६ मध्ये भाऊ निवर्तला. कर्ज फेडण्यासाठी वडिलांचा ग्रंथसंग्रह विकावा लागला. १८५८ मध्ये संस्थानाच्या आज्ञेवरून त्यांनी एडो, म्हणजे आजच्या टोकियो येथे डच शिकवणारी लहानशी शाळा काढली. वर्षभराने योकोहामा बंदर पाहावयास गेले असता तेथील पाट्या त्यांना वाचताच येईनात. त्या इंग्रजीत होत्या. इतक्या वर्षांचे कष्ट वाया गेल्यासारखे वाटले. परंतु खंत फार काळ न करता ते लगेच इंग्रजीच्या मागे लागले.

१८६० मध्ये कान्रिन मारू या जहाजावरील एका अधिकाऱ्याचे सेवक म्हणून ते सान फ्रान्सिस्कोला पोहोचले. तेथील यंत्रांचे त्यांना विशेष नवल वाटले नाही. ती पुस्तकांतून माहीत होती. नवल वाटले ते एका साध्या प्रश्नाच्या उत्तराचे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे वंशज सध्या काय करतात, असे त्यांनी एका गृहस्थाला विचारले. त्याने बेफिकिरीने सांगितले, की एखादी मुलगी असावी, कोणाची तरी पत्नी असावी. वॉशिंग्टन यांना स्वतःचे अपत्य नव्हते, हे त्या गृहस्थाला ठाऊक नसावे. आणि ठाऊक नसणे हेच फुकुझावांना थक्क करणारे होते. जपानात राज्यसंस्थापक तोकुगावा इएयासु यांचे वंशज अडीचशे वर्षे गादीवर होते. येथे संस्थापकाच्या रक्ताची कोणी विचारपूसही करीत नव्हते. अर्थात त्याच वर्षी त्याच देशात सुमारे ४० लाख माणसे जन्मानेच गुलाम होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१८६२ मध्ये दुभाषी म्हणून ते युरोपात हिंडले. संसदेत एकमेकांवर तुटून पडणारे पुढारी एकाच मेजावर जेवतात, हे कोडे त्यांना बरेच दिवस उलगडले नाही. शोगुनशाहीच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी अर्थशास्त्रावरील एका इंग्रजी ग्रंथाची अनुक्रमणिका भाषांतरित करून खजिन्याच्या अधिकाऱ्याला दाखवली. चढाओढ या अर्थासाठी त्यांनी जो शब्द योजला होता, त्यात भांडणाचे अक्षर होते. असा अशांत शब्द वरिष्ठांपुढे नेता येणार नाही, असे अधिकाऱ्याने सांगताच फुकुझावांनी त्यावर काळी शाई फासली आणि उरलेला मजकूर दिला. ज्या समाजात प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असते, तेथे पुढे जाण्याची इच्छा हाच उद्धटपणा ठरतो, हे या एका शब्दावरून दिसते.

१८६८ मध्ये राज्यक्रांती झाली. त्याच वर्षी त्यांच्या शाळेला केइओ हे नाव मिळाले. उएनो येथे तोफा धडाडत असताना शाळेत मात्र अर्थशास्त्राचा पाठ नेहमीप्रमाणे चालू होता. गुरूला भेटवस्तू देण्याची जुनी रीत मोडून त्यांनी ठरावीक मासिक शुल्क सुरू केले. शिकवणे हेही काम आहे व कामाचा मोबदला उघडपणे घ्यावा, हा त्यामागचा विचार. पाढ्यांना तुच्छ लेखणाऱ्या बापाचा मुलगा येथवर आला होता.

सॅम्युअल स्माइल्स यांच्या स्वावलंबनावरील इंग्रजी पुस्तकाचा नाकामुरा मासानाओ यांनी केलेला अनुवाद १८७१ मध्ये जपानी तरुणांच्या हाती पडला. १८७२ ते १८७६ या काळात फुकुझावांचा ‘गाकुमोन नो सुसुमे’ हा विद्येचे महत्त्व सांगणारा ग्रंथ १७ भागांत निघाला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. माणसामाणसांतील उच्चनीचता जन्माने नव्हे, तर विद्येच्या असण्यानसण्याने येते, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. आयुष्यात वर चढणे ही आता लाजेची गोष्ट राहिली नाही. खेड्यापाड्यांतील मुलांचे ते ध्येय झाले.

या विचाराला दुसरीही बाजू होती. विद्येने पुढे गेलेला आणि मागे राहिलेला, हे माप त्यांनी राष्ट्रांनाही लावले. १८८५ मध्ये त्यांच्या ‘जिजी शिम्पो’ या वृत्तपत्रात, चीन व कोरिया या शेजाऱ्यांची संगत सोडून पाश्चात्त्यांच्या पंक्तीला बसावे, असा निनावी अग्रलेख आला. तो त्यांचाच मानला जातो. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धाला त्यांनी उत्साहाने पाठिंबा दिला व देणगीही दिली. रस्त्याच्या कडेला लोटांगण घालणाऱ्या शिपायाचे दुःख जाणणाऱ्या माणसाला कोरियाचे दुःख दिसू नये, ही त्यांच्या चरित्रातील मोठी उणीव होय. त्यांचे गौरवग्रंथ ती बहुधा झाकतात, झाकू नये.

स्वतः त्यांनी नव्या सरकारात पद घेतले नाही, मानपदव्याही नाकारल्या. १९०० साली सम्राटांकडून ५०,००० येनची देणगी आली, तेव्हा ती रक्कम त्यांनी केइओ शाळेला देऊन टाकली. ३ फेब्रुवारी १९०१ रोजी टोकियो येथे त्यांचे निधन झाले.