अंगणात उतरलेली शाळा : ताराबाई मोडक

आपल्या स्मरणिकेत आजवर तथागत, महात्मा फुले, सावित्रीबाई आणि बाबासाहेब यांच्या शैक्षणिक कार्यावर अनेकांनी लिहिले आहे. यंदा मी जाणीवपूर्वक एका वेगळ्या परंपरेतील व्यक्तीचे चरित्र निवडले आहे. ताराबाई मोडक आपल्या चळवळीतील नव्हेत. त्यांच्यावर गांधीविचारांचा प्रभाव होता आणि त्यांचा पहिला विद्यार्थिवर्ग पांढरपेशा होता. तरीही तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण त्यांनी आपल्या लोकांच्या दारापर्यंत कसे नेले, हे बालवर्ग चालविणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेला ठाऊक असावे, असे मला वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मानंतर एक वर्ष पाच दिवसांनी झाला. माहेरचे आडनाव केळकर. घराणे प्रार्थना समाजाच्या सुधारकी वळणाचे. त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून विरोध झाला नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्री ही अपूर्वाईची गोष्ट होती. आपल्या वस्त्यांतील स्त्रीला तर अक्षरओळखही दुर्मीळ होती. हे अंतर लक्षात घेऊनच ताराबाईंचे पुढील आयुष्य वाचले पाहिजे. अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो टिकला नाही. १९२१ साली त्या विभक्त झाल्या. त्यानंतर राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. त्या पदावरील त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

ते मानाचे पद त्यांनी १९२३ मध्ये सोडले आणि भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालमंदिराचे काम पत्करले. प्राचार्यपद सोडून लहान मुलांमध्ये बसणे हा तेव्हाही आणि आजही खालच्या पायरीवर उतरण्याचा प्रकार समजला जातो. आपल्याकडे आजही बालवर्गाच्या बाईंना सर्वांत कमी मान मिळतो. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून पालकांना नवा विचार समजावून सांगण्याचे काम ताराबाईंनी वर्षानुवर्षे केले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

या नव्या शिक्षणाचा उगम मारिया माँटेसोरी यांच्याकडे जातो. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. मुलाने हाताळावे, बोटांनी चाचपावे, आपली चूक आपणच ओळखावी, ही त्या पद्धतीची किल्ली. खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरावरून मूल बोट फिरवते. त्या वळणाची ओळख हाताला आधी होते, डोळ्याला नंतर. लहानमोठ्या ठोकळ्यांचा मनोरा चुकीचा रचला की तो पाहूनच चूक उमगते. बाईंनी रागवावे लागत नाही. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धती आपल्या देशात आली ती मात्र महागड्या लाकडी साहित्यासह, आणि स्थिरावली फी भरू शकणाऱ्यांच्या मुलांत. ताराबाईंना हे खुपत होते, याची साक्ष त्यांचे पुढचे पाऊल देते.

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. (मीही आता त्याच वयाचा आहे. या वयात बदलीचा हुकूम आला तरी मन कच खाते.) मोरगावला जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना येथे सहकारी म्हणून लाभल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली म्हणून सगळी मुले आली, असे झाले नाही. दलित वस्तीतील मुले येईनात. त्या काळच्या लेखनात या वस्तीसाठी जो ‘हरिजन’ शब्द येतो, तो मी येथे वापरत नाही. बाबासाहेबांनी त्यास विरोध का केला, हे आपले विद्यार्थी जाणतात. मुले न येण्याची कारणे उघड होती. आईबाप पहाटेच कामावर जात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळी, अंगावर धड कपडा नसे. आणि ज्या गावात पाणवठाही वेगळा, त्या गावातील शाळेच्या पायरीचा धाक पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या शेवटच्या कारणाला अधिक वजन देतो.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. वस्तीतील एखादे अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, नखे कापावयाची आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू करावयाचे. या अंगणातील बालवाडीलाच पुढे अंगणवाडी हे नाव रूढ झाले. अस्पृश्य ठरविलेल्या मुलाचे केस शिक्षिकेने आपल्या हाताने विंचरणे, ही १९४५ सालच्या खेड्यात केवळ आरोग्याची बाब नव्हती.

अंगणात लाकडी साहित्य नेणे शक्य नव्हते, परवडणारेही नव्हते. तेव्हा भोवतालचेच साहित्य झाले. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांतून मोजणे, वर्गवारी, रंग व आकार यांची ओळख होऊ लागली. ज्यांना याचे महत्त्व पटत नाही, त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. मुलांपुढे चिंचोके, वाळकी पाने, खडे आणि पाण्याची परात ठेवावी व काय बुडेल, काय तरंगेल, हे आधी विचारावे. चार वर्षांचे मूल अंदाज बांधते, टाकून पाहते, चुकते आणि पुन्हा टाकते. विज्ञानाची सुरुवात याहून वेगळी काय असते? ओल्या वाळूत बोटाने काढलेले ‘ग’ हे अक्षर पुसता येते, म्हणून चुकण्याची भीती उरत नाही. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथे बालवर्गासाठी आणलेले प्लॅस्टिकचे संच मुले मोडतील म्हणून वर्षभर कपाटात कुलूपबंद होते. तपासणीच्या दिवशी मात्र ते टेबलावर मांडले जात.

१९५७ साली हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. येथे नवी अडचण उभी राहिली. मुले गुरे राखावयास जात. त्यांना गुरांपासून तोडण्याऐवजी कुरणातच शाळा भरविण्यात आली. ही कुरणशाळा म्हणजे अंगणवाडीचेच पुढचे पाऊल. गुरे चरत असता झाडे, दगड आणि किडे हेच पाठ्यपुस्तक झाले. लहान भावंडांसाठी पाळणाघर असल्याने मोठ्या मुलीही शिकू शकल्या. घरी मूल सांभाळण्यासाठी मुलीची शाळा सुटते, हे दुखणे आपल्या वसतिगृहातील अनेक मुलींच्या आयांनी भोगलेले आहे.

ताराबाईंच्या कार्याची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. जातिव्यवस्था मुळातून मोडणे हे त्यांचे ध्येय नव्हते. अंगणात शाळा गेली तरी पाणवठा वेगळाच राहू शकत होता. तो प्रश्न महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी १९२७ सालीच उभा केला होता. सोलापूरला बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले, ते तर १९२५ साली. परंतु वसतिगृहात येते ते मोठे मूल. तीन वर्षांच्या मुलासाठी तेव्हा आपल्याकडे काही नव्हते, आणि ती जागा ताराबाईंनी व अनुताईंनी भरली, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज आपल्या महाळुंगे परिसरात उंच इमारतींची कामे चालू आहेत. त्या बांधकामांवरील मजुरांची लहान मुले वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळत असतात. पुढील सत्रापासून दर शनिवारी आपल्या बालवर्गाच्या शिक्षिकांनी परात, चिंचोके आणि खडे घेऊन तेथे जावे, असा प्रस्ताव मी व्यवस्थापनापुढे ठेवला आहे.