सावेदादा

सह्याद्रीच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातील चौक या गावाजवळ एक चित्रनगरी आहे. नितीन देसाई या कलादिग्दर्शकांनी ती २००५ मध्ये उभारली. 'जोधा अकबर' या चित्रपटासाठी आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृती तेथेच बांधण्यात आली होती. कर्जत-खालापूरच्या परिसरात दिल्ली-आग्र्याचा दरबार अवतरला, तो सुतारांच्या, गवंड्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या कौशल्यामुळे. होऊन गेलेला इतिहास पडद्यावर दाखविण्याची ही एक रीत आहे. दुसरी रीत याहून निराळी. घटना घडत असतानाच ती जशीच्या तशी टिपून ठेवावयाची, ही ती रीत होय. अशा चित्रपटास अनुबोधपट म्हणतात. आपल्या देशात या वाटेने प्रथम जाण्याचा मान सामान्यतः हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांना दिला जातो. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

सावेदादांचा जन्म १५ मार्च १८६८ रोजी मुंबईत झाला. छायाचित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्या काळी छायाचित्र हेच मोठे नवल होते. मनुष्य निश्चल बसला, म्हणजे त्याची छबी काचेवर उमटे. परंतु चालता मनुष्य चित्रातही चालताना दिसावा, ही गोष्ट कोणाच्या स्वप्नातही नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया होते. पांढऱ्या पडद्यावर आगगाडी धडधडत येऊ लागली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. या नव्या कलेने सावेदादांच्या मनाची पकड घेतली.

अनेकांनी तो खेळ पाहिला, त्याची वाखाणणी केली आणि ते घरी गेले. सावेदादा तेवढ्यावर थांबले नाहीत. परक्यांनी काढलेली परमुलखाची चित्रे आपण पाहावी; मग आपल्या लोकांची चित्रे आपणच का काढू नयेत? त्यांनी इंग्लंडमधील रायली बंधूंकडून चलच्चित्रे घेण्याचा कॅमेरा मागविला. त्यासाठी त्यांना एकवीस गिनी मोजाव्या लागल्या. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती.

कॅमेरा आला, पण चित्रण कशाचे करावयाचे? सावेदादांनी राजवाडा शोधला नाही, की नाटकातील राजा-राणीही बोलाविली नाहीत. नोव्हेंबर १८९९ मध्ये मुंबईच्या मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डन येथे पुंडलीकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती झाली. तिचेच त्यांनी चित्रण केले. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून त्याचा दांडा हाताने एकसारखा फिरवावा लागे. हात मंद झाला की पडद्यावरील माणसे धावू लागत. हात जलद झाला की ती रेंगाळत. डाव चुकला तर मल्ल पुन्हा उठेल. परंतु क्षण चुकला तर तो पुन्हा येणार नव्हता.

चित्रण झाले तरी काम संपले नव्हते. ती फीत धुऊन तयार करण्याची सोय येथे नसल्यामुळे ती लंडनला पाठवावी लागली. चित्र उमटले आहे की नाही, हे समजण्यास समुद्रापलीकडून फीत परत येईपर्यंत धीर धरावा लागे. मधल्या काळात सावेदादांनी चित्रे दाखविण्याचे यंत्र मिळविले आणि ते विलायती चित्रांचे खेळ उघड्या जागेवर करू लागले. पुढे त्यांत त्यांनी आपली कुस्तीही दाखविली. यानंतर माकडांना खेळ शिकविणाऱ्या माणसाचेही त्यांनी चित्रण केले.

१९०१ मध्ये एक मोठा प्रसंग आला. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले होते. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत त्यांचे थाटात स्वागत झाले. सावेदादांचा कॅमेरा तेथे सज्ज होता. परक्या सत्तेखाली असलेल्या देशाला आपल्या एका विद्यार्थ्याचा किती अभिमान वाटला, हे त्या फितीवर उमटले. १९०३ मधील लॉर्ड कर्झनच्या दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रण केले. अशा रीतीने आखाड्यातला मल्ल, रस्त्यावरचा माकडवाला, विद्वान आणि व्हाइसरॉय या सर्वांना त्यांच्या कॅमेऱ्यापुढे सारखेच स्थान मिळाले.

पुढे सावेदादा मुंबईच्या गेइटी नाट्यगृहाचे व्यवस्थापक झाले. बोरीबंदर स्थानकासमोरील ही वास्तू नंतर कॅपिटॉल चित्रपटगृह म्हणून प्रसिद्धीस आली. कर्जतहून आगगाडीने मुंबईस उतरणाऱ्या मनुष्यास ती सहज दिसे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रकाशित झाला आणि कथा सांगणाऱ्या चित्रपटांचे युग सुरू झाले. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने अनुबोधपटांसाठी फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापन केली. हे सर्व सावेदादांच्या हयातीतच घडले. २० फेब्रुवारी १९५८ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना त्यांचे निधन झाले.

सावेदादांची ती चित्रे मात्र आज उपलब्ध नाहीत. त्या काळच्या फिती लवकर पेट घेत आणि जपून न ठेवल्यास कुजून जात. त्यांचे मोल वेळीच ओळखून त्या सांभाळल्या गेल्या नाहीत. आग्र्याचा किल्ला चौक येथे पुन्हा बांधता येतो. पण हँगिंग गार्डनवरील ती कुस्ती पुन्हा कोणी दाखवू शकत नाही. आपल्या घरातील जुनी पत्रे, छायाचित्रे, वहीतील नोंदी आज क्षुल्लक वाटतात. परंतु त्याही एका काळाच्या साक्षी आहेत. वेळीच टिपून ठेवणे हे सावेदादांनी केले. टिपलेले जतन करणे हे काम मागून येणाऱ्यांचे असते.